शिट्टी थांबली तेव्हा

स्टॅव्हलिंगच्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवताना बोलायचं नाही, हा नियम ह्यूबर्ट पास्कने एकतीस वर्षं इतका मनावर घेतला होता की हळूहळू तो घरीही लागू झाला. ग्लेंडाची, म्हणजे त्याच्या बायकोची, त्याबद्दल तक्रार नव्हती. दोघांना पुरून उरेल एवढं बोलणं तिच्याकडे होतं, आणि उरलेलं ती शेजारी वाटून टाकत असे.

त्या शनिवारी मात्र मनोऱ्याच्या पायथ्याशीच तिचं बोलणं अपुरं पडायला लागलं.

"आज राहू दे का?" त्याने विचारलं.

"काय राहू दे?"

"वर जाणं. छाती वाजतेय तुझी."

"माझी छाती लग्नाआधीपासून वाजतेय." ग्लेंडा मध्येच थांबली, श्वास घेतला. "तेव्हा नाही अडवलंस."

तिने स्वेटरच्या खिशातून दम्याचा निळा पंप काढला आणि दोन फवारे मारले, पार्टीला निघालेली बाई अत्तर मारते तसे. सकाळपासूनचा हा कितवा, हे ह्यूबर्टला माहीत नव्हतं. न्याहारीपर्यंत त्याने मोजले होते. पुढे मोजलं की भीती वाटते, म्हणून मोजणं सोडून दिलं. गुरुवारी तिला सर्दी झाली, शुक्रवारी ती पहाटेपर्यंत तीन उशांना टेकून बसून होती, आणि शनिवारी दुपारी दीड वाजता ती त्रेचाळीस पायऱ्यांचा गोल जिना चढायला निघाली होती.

तपकिरी पंप घरी होता. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा तो. स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या बॅटऱ्या आणि केकवरच्या मेणबत्त्यांच्या शेजारी त्याची जागा होती. "तो घेतला तरी काही कळतच नाही," असं ग्लेंडाचं म्हणणं. "निळा घेतला की लगेच मोकळं वाटतं. तपकिरी म्हणजे नुसता विमा." दवाखान्यातली नर्स तेंदाई हिने मागच्या शरद ऋतूत तिला समजावून पाहिलं होतं, "बाई, निळा म्हणजे पाण्याची बादली. घर रोज पेटत असेल तर बादल्या वाढवायच्या नसतात, आग का लागते ते बघायचं असतं." ग्लेंडाला हे इतकं आवडलं की तिने गावात सगळ्यांना सांगितलं. तपकिरी पंप मात्र खणातच राहिला.

वर घंटावाल्यांच्या खोलीत बाकीचे चौघे आले होते. सगळ्यांच्या मध्ये, घड्याळाच्या काट्यासारखे ताठ, क्लिफर्ड स्टेगॉल. वय अठ्ठ्याहत्तर, गावच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेले, त्यामुळे अर्ध्या गावाचे मास्तर. उरलेल्या अर्ध्या गावाने दुसऱ्या शाळेत जाऊन सुटका करून घेतली होती. ह्यूबर्ट पहिल्या अर्ध्यातला. अकराव्या वर्षी त्याने वर्गात हात वर न करता उत्तर दिलं होतं. "पास्क, विचारल्याशिवाय बोलू नये," मास्तर म्हणाले होते. उत्तर बरोबर होतं. पण तेव्हापासून ह्यूबर्ट कुणी विचारायची वाट बघत होता.

"फोन?" मास्तरांनी विचारलं.

"खाली. बिस्किटांच्या डब्यात," टॅम्झिन म्हणाली. ती गुरांची डॉक्टर. "सगळ्यांचे. एका गाईचं आज काहीही होऊ शकतं, तरी ठेवला."

"गाय थांबेल," मास्तर म्हणाले आणि दाराला कुलूप लावून किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली.

कुलपाला कारण होतं. गेल्या खेपेला दोन तास दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं असताना फुलं सजवणाऱ्या बाई वर आल्या होत्या आणि पितळी फुलदाणी कुणी नेली म्हणून विचारू लागल्या होत्या. तिथेच पील बुडाला. पील म्हणजे सहा घंटा पाच हजार चाळीस वेळा, क्रम बदलत बदलत वाजवायच्या. साधारण पावणेतीन तास. मध्ये थांबायचं नाही, माणूस बदलायचा नाही. एकाने चूक केली तर सहाही जणांनी घरी जायचं. पुरा झाला तर मात्र भिंतीवर लाकडी फळा लागतो, सोनेरी अक्षरांत सहा नावं. स्टॅव्हलिंगमध्ये असा एकच फळा होता, शंभर वर्षांपूर्वीचा, त्यावर सगळे पुरुष, आणि सगळ्यांच्या नावापुढे त्यांचा धंदा: लोहार, सुतार, खाटीक. ग्लेंडाला त्या भिंतीवर आपलं नाव हवं होतं. ती त्याबद्दल कधी बोलत नसे, आणि ज्या गोष्टीबद्दल ग्लेंडा बोलत नाही ती किती खोल असेल हे एकट्या ह्यूबर्टला ठाऊक होतं.

"एक विनंती," मास्तर ग्लेंडाकडे वळून म्हणाले. "ती तुमच्या छातीची शिट्टी. जरा हळू वाजवता आली तर... मला मोजताना ती मध्येच सातव्या घंटेसारखी येते."

"सांगते तिला," ग्लेंडा म्हणाली.

खोलीत धूळ तरंगत होती. सकाळीच लिंग बंधूंनी, बॅझिल आणि रोलंडने, वरच्या मजल्यावरची कबुतरांची घाण तीन पोती भरून काढली होती, आणि ती पोती नेता नेता निम्मी जिन्यात सांडली होती. हे दोघे भाऊ एका कुंपणावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मनोऱ्यात तसंही बोलायचं नसल्यामुळे इथे त्यांचं उत्तम जमत असे.

एक वाजून चाळीस मिनिटांनी ग्लेंडाने सगळ्यात हलक्या घंटेची दोरी धरली. तिच्यामागून टॅम्झिन, बॅझिल, रोलंड, मास्तर. सगळ्यात शेवटी, सगळ्यात जड घंटेवर, ह्यूबर्ट. बाकीच्या पाच घंटा आपसांत जागा बदलत राहतात. सहावीने प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी, न चुकता, एकदा वाजायचं. त्याला सगळेच म्हणत की हे काम जणू त्याच्यासाठीच काढलंय.

काम दिसायला सोपं. दोरीच्या मध्यावर लोकरीचा जाड गोंडा, तांबडा-पांढरा-निळा. एकदा गोंडा ओढायचा, एकदा दोरीचं टोक. फक्त वर अर्ध्या टनाची घंटा पूर्ण गिरकी घेत असते. मध्येच दोरी सोडली तर ती चाबकासारखी खोलीभर फिरते, आणि चुकीच्या वेळी धरून ठेवली तर माणूस छतापर्यंत जातो. थांबायचं तर घंटा उलटी करून, तोंड आभाळाकडे, तोलावर उभी करावी लागते. तिला एक-दोन ओढी लागतात. आणि "थांबा" हा शब्द फक्त मास्तरांनी उच्चारायचा.

पहिला तास ह्यूबर्टने ग्लेंडाची शिट्टी ऐकत काढला. वर घंटांचा गदारोळ होता, पण खाली खोलीत तो जाड फळ्यांतून गाळून येई, आणि तिचा श्वास समोरूनच येई. श्वास सोडताना लांब, बारीक, उकळत्या किटलीसारखी शिट्टी. दुसऱ्या तासात ती किटली जास्त उकळू लागली. तिचे खांदे प्रत्येक श्वासाला कानांपर्यंत जायला लागले. गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात होता, कुणी आतून दोरी ओढावी तसा. निळा पंप स्वेटरच्या खिशात, आणि स्वेटर तिच्यामागे खुंटीवर. हात मोकळा करायची सोय नव्हती.

ह्यूबर्टला घाम फुटला. दोरीचा घाम वेगळा असतो, पाठीवरून येतो. हा तळव्यांना आला.

तो तिच्याकडे बघून भुवया उंचावत राहिला. तिने एकदाच बघितलं आणि मान हलवली. नाही.

चार वाजायला दोन मिनिटं असताना शिट्टी थांबली.

ह्यूबर्टला आधी इतकं हलकं वाटलं की त्याची ओढ चुकता चुकता राहिली. बसली बाबा छाती, त्याला वाटलं. मास्तरांनाही तेच वाटलं असणार. त्यांनी ग्लेंडाकडे बघून मान हलवली, उत्तम म्हणून, वर्गात कुणी शेवटी एकदाचं वहीत रेघ सरळ मारली की हलवत तशी. दोन तास अठरा मिनिटं झाली होती, घंटा घड्याळासारख्या पडत होत्या.

मग ह्यूबर्टने तिच्या तोंडाकडे बघितलं.

ओठ शिशाच्या पेन्सिलीच्या रंगाचे झाले होते. नाकपुड्या फुगलेल्या. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. शिट्टी नाही, श्वासाचा आवाज नाही, काही नाही. खांदे वर जात होते, पण छाती जागची हलत नव्हती. हात मात्र दोरी ओढत होते, अगदी बिनचूक, कारण त्या हातांनी चाळीस वर्षं तेच केलं होतं आणि बाकीच्या अंगाचं काय चाललंय हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

तेंदाईने ग्लेंडाला बादलीचं समजावल्यावर ह्यूबर्टला दारात अडवलं होतं. ग्लेंडा पुढे गेली होती, तिथे बसलेल्या सगळ्यांशी बोलत. "तुम्ही ऐका, कारण त्या नाही ऐकणार," नर्स म्हणाली होती. "शिट्टी वाजतेय तोवर थोडीतरी हवा जातेय. शिट्टी बंद झाली आणि माणूस मोकळा नाही झाला, तर समजा हवाच जात नाहीये. तेव्हा मला फोन नका करू. शेजाऱ्यांना नका विचारू. नऊ-नऊ-नऊ लावा, रुग्णवाहिका मागवा."

"हो," ह्यूबर्ट म्हणाला होता. तेवढंच.

आता त्याला आवाज द्यायचा होता आणि आवाज निघेना. सहावी घंटा वाजली. पुन्हा वाजली. पंचवीस मिनिटंच राहिली आहेत, असं त्याच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज मास्तरांचा होता. आपलं चुकत असेल तर? सगळ्यांची दोन वर्षांची मेहनत, फळा, ग्लेंडाचं नाव. ती आयुष्यभर बोलायची नाही त्याच्याशी.

ग्लेंडाने मान खाली घातली. घंटावाला दोऱ्यांकडे बघतो, बाकीच्यांच्या हातांकडे बघतो. जमिनीकडे बघत नाही.

"थांबा!" ह्यूबर्ट ओरडला.

तो आवाज त्याचा आहे हे खोलीत कुणालाच कळलं नाही, त्यालासुद्धा. टॅम्झिन आणि लिंग बंधूंनी हुकूम ऐकला आणि हुकूम पाळला. कुणी दिला हे बघायची त्यांना सवय नव्हती. मास्तर एक फेरा एकटेच वाजवत राहिले, जणू शब्दच ऐकला नाही. ग्लेंडाच्या हातांनी घंटा व्यवस्थित वर नेली, तोलावर टेकवली, गोंडा सोडला. घंटा उभी राहिली. ग्लेंडा राहिली नाही.

ह्यूबर्टची घंटा सगळ्यात जड, तिला दोन ओढी लागल्या. आयुष्यात त्याने पुष्कळ वाट बघितली होती, पण त्या दोन ओढींइतकी लांब कुठलीच नव्हती. बायको हातांवर-गुडघ्यांवर कोसळलेली, आणि आपण दोरी धरून उभे.

"पास्क!" मास्तर म्हणाले. "हे काय? कुणी सांगितलं तुला?"

"किल्ली द्या," ह्यूबर्ट म्हणाला.

"बावीसशे... नाही, बेचाळीसशे वीस फेरे झाले होते!"

"मास्तर, किल्ली द्या, नाहीतर दार फोडतो. हवा जात नाहीये तिच्या आत. बंद झालीय."

मास्तरांनी ग्लेंडाकडे बघितलं. मग खिशात हात घातला, किल्ली काढली, आणि ती त्यांच्या हातातून दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा टॅम्झिनने उचलली.

"आडवी करू या तिला," बॅझिल म्हणाला. "पाय वर."

"आडवी नाही करायची!" ह्यूबर्ट ओरडला. "बसवा. बाकावर, पुढे वाकवून. हात गुडघ्यांवर. टॅम्झिन, फोन. नऊ-नऊ-नऊ. सांग दम्याचा झटका, शिट्टी थांबलीय, बोलता येत नाही, ओठ निळे. असंच सांग."

"आणि मनोरा आहे, जिना गोल आहे, तेही सांगते," टॅम्झिन म्हणाली आणि जिन्यात दिसेनाशी झाली.

ह्यूबर्टने खुंटीवरचा स्वेटर ओढला. पंप हलवला. पंपाचं झाकण त्याला निघेना. रोलंडने ते दातांनी काढलं. तेंदाईने दिलेला प्लॅस्टिकचा मोठा नळा, ज्यातून औषध नीट आत जातं, तो घरी कपाटावर होता. ग्लेंडाच्या मते तो तोंडाला लावला की आपण दूध पिणारं वासरू दिसतो.

"ग्लेंडा, जीभ खाली. मी दाबतो, तू ओढ. जेवढं येईल तेवढं. मास्तर!"

मास्तर भिंतीला टेकून उभे होते.

"मास्तर, तुम्ही मोजा. दर अर्ध्या मिनिटाला एक. दहापर्यंत. मला आकडे नाही सुचत आता."

विद्यार्थ्याने मास्तरांना गणित घातलं, आणि मास्तरांनी निमूट घड्याळ काढलं. "एक," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने, "दोन."

खालून आरोळी आली. टॅम्झिनला फोनची रेंज फाटकाशीच मिळाली होती. ती तिथून जिन्याच्या तळाशी धावत येऊन ओरडत होती, आणि गोल जिन्यात अर्धे शब्द गिळले जात होते. रोलंड जिन्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. बॅझिल दारात. आणि नऊ वर्षांनी रोलंड लिंग आपल्या भावाशी पहिलं वाक्य बोलला.

"बॅझिल, ते विचारतायत, ओठ कसे आहेत?"

"निळे!" बॅझिल ओरडला. "त्यांना सांग निळे! आणि सांग चार फवारे झाले!"

"गाडी निघालीय! तिला सोडून कुणी हलू नका म्हणतायत! आडवी करू नका!"

"आडवी नाही करत, एवढं कळतं आम्हाला!" बॅझिल म्हणाला.

"पाच," मास्तर म्हणाले.

पाच झाले, सहा झाले. ह्यूबर्ट तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. तिचे डोळे त्याच्यावर होते, मोठे, पाण्यात पडलेल्या माणसाचे असतात तसे. आपण आता हिला काय म्हणायचं, हे त्याला कळेना. बोलायचं ते तिचं काम होतं. आता ती बोलू शकत नव्हती आणि ही शांतता त्याच्याने सहन होईना, म्हणून तो बोलू लागला.

"हे बघ. पन्हळ साफ करायची आहे. तू सांगितलं होतंस ना, नोव्हेंबरात. मी सोमवारी करतो. आणि ती... ती मांजर. बाजूवाल्यांची. ती आपल्या वाफ्यात येते ते मी बोलतो त्यांना. मी स्वतः बोलतो. श्वास घे. हां. आणखी एक. ग्लेंडा, ते बटाटे मीच खाल्ले होते. थंड झालेले. तू मांजरावर आळ घेतलास."

"आठ," मास्तर म्हणाले.

दहा झाले. काही बदललं नाही. उलट तिची मान लवायला लागली, बसमध्ये दमलेल्या बाईची लवते तशी, आणि ह्यूबर्टला त्या दुपारी सगळ्यात जास्त भीती याची वाटली. धडपडणारी ग्लेंडा त्याला समजत होती. ही झोपायला निघालेली ग्लेंडा त्याने कधी बघितली नव्हती.

"झोपू नकोस. ए. इकडे बघ. बॅझिल, खाली विचार, दहा झाले, पुढे काय?"

"रोलंड, दहा झाले! पुढे काय?"

खालून वर, वरून खाली शब्द फिरले. "पुन्हा दहा!" रोलंड ओरडला. "देत राहा म्हणतायत! गाडी पुलापाशी आलीय!"

"एक," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या फेरीच्या चौथ्या फवाऱ्याला जिन्यात बुटांचे आवाज आले. हिरव्या कपड्यांतली एक धिप्पाड बाई, मागे एक सडपातळ माणूस, दोघांच्या हातांत पिशव्या आणि एक बाटली, दोघेही धापा टाकत. बाईने ग्लेंडाकडे बघितलं आणि धापा टाकायची थांबली.

ह्यूबर्टला बाजूला सारून तिने काम सुरू केलं. तोंडावर मुखवटा, त्यातून धुकं, प्राणवायूचा फुसफुस आवाज. हातात सुई. पाठीला नळी लावून ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हलला नाही. ह्यूबर्टला त्या चेहऱ्यावरून काही वाचता आलं नाही, आणि त्याने फार प्रयत्नही केला नाही.

"निळा पंप आज किती वेळा?" बाईने विचारलं.

ह्यूबर्टने न्याहारीपर्यंतचेच मोजले होते. ग्लेंडाने मुखवट्याच्या आडून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. मग पुन्हा दाखवली.

"आणि रोजचा? तपकिरी?"

ग्लेंडाने डोळे मिटले.

धुक्याचा एक डोस संपला, दुसरा लावला. टॅम्झिन आणि रोलंडही वर आले होते; खोलीत सहा माणसं आणि दोन पाहुणे, कुणी हलत नव्हतं. मग, अगदी खोलवरून, कुठल्या तरी बंद खोलीत किटली ठेवली असावी असा बारीक आवाज आला.

"हां," हिरवी बाई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. "वाजायला लागली. आता हवा जातेय. पण अजून मोकळी नाही झालीय, निघायला हवं."

जिन्यातून तिला खुर्चीत बांधून, बसवूनच, उतरवली. एक पायरी, थांबायचं, पुढची पायरी. वरून बॅझिल धरत होता, खालून रोलंड, आणि दोघे सतत एकमेकांवर खेकसत होते. ह्यूबर्ट प्राणवायूची बाटली उराशी धरून मागे. त्रेचाळीस पायऱ्यांत त्याने एकदाही श्वास घेतला की नाही, हे त्याला नंतर आठवेना.

इस्पितळात तिला शिरेतून आणखी एक औषध सोडलं. ह्यूबर्टला बाहेर बसवलं. एक तरुण डॉक्टरीणबाई आली, तिने हातात कागद घेतला आणि विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत निळे पंप किती संपले?"

"तीन," ह्यूबर्ट म्हणाला. "चार असतील."

"वर्षाला तीन लागले तरी आम्ही काळजी करतो." तिने हे रागाने म्हटलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. "हा झटका आज नाही आला, मिस्टर पास्क. सर्दी झाली तेव्हापासून येतोय. रात्री झोप नाही, निळा दर तासाला, पायऱ्या चढताना वाक्य तुटतंय. सगळं सांगत होता तो."

"मी ऐकत होतो," ह्यूबर्ट म्हणाला.

"मग?"

उत्तराची वाट न बघता ती पुढचं सांगू लागली. गोळ्या पाच दिवस, मध्ये सोडायच्या नाहीत. घरी गेल्यावर दोन दिवसांत नर्सकडे. तपकिरी पंप रोज, बरं वाटत असलं तरी रोज, आणि नळा लावूनच. एक कागद लिहून घ्यायचा: कधी काय घ्यायचं, कधी फोन करायचा. तो फ्रिजवर लावायचा. ह्यूबर्टने सगळं एका पावतीच्या मागे लिहून घेतलं. अक्षर त्याचंच होतं, पण भूकंपात काढल्यासारखं.

"वाचेल ना?" लिहून झाल्यावर त्याने विचारलं.

"रात्रभर जवळून बघू," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हो" म्हणाली नाही.

सकाळी साडेनऊला तो तिच्या पलंगाशी बसला होता, तेव्हा मास्तर आले. हातात चर्चच्या बागेतली जांभळी, दरवळणारी फुलं होती. दारातल्या नर्सने ती फुलं तिथल्या तिथे काढून घेतली आणि त्यांना मोकळ्या हातांनी आत सोडलं. इतक्या वर्षांत मास्तरांना कुणी असं मोकळ्या हातांनी बघितलं नव्हतं. हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

ग्लेंडा झोपली होती. नाकात नळी. चेहरा पांढरा, पण पांढराच, निळा नव्हे.

"बसा," ह्यूबर्ट म्हणाला.

मास्तर बसले. "शिट्टी थांबली तेव्हा मी मान हलवली होती," ते म्हणाले. "मला बरं वाटलं. थांबली म्हणून."

"मलाही वाटलं आधी."

"तुला किती वेळ वाटलं?"

ह्यूबर्टने विचार केला. "दहा-बारा फेरे."

"मला तू ओरडेपर्यंत." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "आणि नंतर मी आकडा सांगितला तुला. फेऱ्यांचा. तोही चुकीचा."

ह्यूबर्टने ग्लेंडाच्या अंगावरची चादर सारखी केली.

"रात्री झोपलास का?"

"नाही."

"जा, चहा घेऊन ये. मी बसतो."

"नको."

"पास्क, मी बघतो म्हटलं ना."

"काय बघायचं ते माहीत आहे का तुम्हाला?" ह्यूबर्टने विचारलं. उद्धटपणे नव्हे, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मास्तर म्हणाले. "सांग."

"इथे. गळ्याच्या खाली, हा खळगा आत ओढला जातोय का. आणि छाती वर येतेय का, नुसते खांदे नाही, छाती. आली? आता खाली. आता पुन्हा येईल. नाही आली तर ती घंटी दाबायची. कुणाला विचारायचं नाही."

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. ह्यूबर्ट चहाला गेला नाहीच. दोघे म्हातारे, गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून, बघत बसले. वर आली. खाली गेली. मध्ये जरा जास्त वेळ लागला आणि दोघांचे हात एकदमच घंटीकडे गेले. मग ती पुन्हा वर आली आणि दोघांनी हात मागे घेतले, एकमेकांकडे न बघता.

ग्लेंडाने डोळे उघडले. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग दोघे कुठे बघतायत तिकडे.

"सकाळी सकाळी दोन म्हातारे बाप्ये माझ्या छातीवर डोळे लावून बसलेत, लाज कशी नाही वाटत रे तुम्हाला?" ती म्हणाली, एका दमात.

मास्तर कानांपर्यंत लाल झाले आणि उठून खिडकीकडे गेले. ह्यूबर्टला लाज वाटली नाही. तो बघतच राहिला.